कबड्डी मंडळात अमेरिकन फुटबॉल

आमच्या कोपरीच्या कबड्डी मंडळाच्या कपाटात चषकांसाठी अजून बरीच जागा आहे, पण किस्से विचाराल तर ठेवायला जागा नाही! रोज सकाळी तीच चार-पाच माणसं त्याच खोलीत बसली की दुसरं होणार काय? त्यात गेल्या वर्षी या खोलीत अमेरिकन फुटबॉल घुसला, मग तर विचारूच नका. परवा माजिवड्याच्या एका मित्रानं मला विचारलं, "मास्तर, खरं सांगा, तो खेळ बघायला मजा येते का? की आपलं क्रिकेटच बरं?" एका वाक्यात उत्तर देता येईना राव!

मी शाळेत पीटी शिकवायचो, आता रिटायर झालोय. कबड्डीचा पंच मात्र आहे, आणि अंगात शिटी मारण्याइतका दम असेपर्यंत राहणार.

* * *

हे सगळं सुरू झालं डॉमनिकमुळे. डॉमनिक म्हणजे आमच्या मंडळाचा जुना कोपरारक्षक. चढाई करणारा परत फिरला रे फिरला की हा खाली झेप टाकून त्याचा घोटा धरायचा, आणि धरला की सुटणं नाही! पकड झाली की उठून मांडीवर अशी थाप मारायचा की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून मैदानाकडे बघायची. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण जोरात बोलायला लागला की हात आपोआप मांडीवर जातोच.

त्याचा मुलगा विल्सन कॅलिफोर्नियात असतो. नातू नेथन, वय सोळा. दर रविवारी व्हिडिओ कॉल. नातवाचं भाषण ठरलेलं. "हाय ग्रँडपा. गुड. फाइन. ओके, बाय!"

एके दिवशी डॉमनिक खोलीत आला आणि चहाला हातही न लावता बसून राहिला.

"मास्तर, मी इचारतो, तो उत्तर देतो. त्यानं मना आजवर एक सवाल नाय केला. एक बी नाय! आता शाळेच्या फुटबॉल टीममधी गेलाय. तो अंड्यासारखा बॉल असतो ना, तो. हा खेळ मना शिकायचाय. तुमी पन शिका. एकट्याला नाय समजत रे."

माणूस इतकं मनापासून कधी काही मागत नाही. आम्ही लगेच कामाला लागलो.

* * *

अमेरिकेत गुरुवारी संध्याकाळी मॅच असते तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची सकाळ. वैशाली आमच्या मुलींच्या टीमची कोच आहे. तिनं मंडळाच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून दिला आणि आम्ही पहिली मॅच लावली.

दत्ता आमचा एकेकाळचा चढाईपटू. श्वास रोखून "कबड्डी कबड्डी" म्हणत तो विरोधी अंगणात घुसला की नुसता धुमाकूळ! त्याला थांबलेला खेळ सहनच होत नाही. टीव्हीवर शिटी वाजली, सगळे एकमेकांवर आदळले, पडले, उठले आणि गोल करून उभे राहिले. पुन्हा आदळले, पुन्हा गोल.

"अरे, हे खेळतात कधी?" दत्ता ओरडला. "दोन पावलं टाकली की मीटिंग! दोन पावलं टाकली की मीटिंग! ही आमच्या सोसायटीची जनरल बॉडी आहे का रे?"

वैशाली म्हणाली, "काका, सोसायटीत एवढे सगळे एका मतानं पळतात कुठे?"

* * *

त्याच मॅचला दत्ताची बायको, म्हणजे आमच्या सुमनवहिनी, पोह्यांचा डबा घेऊन आल्या. त्यांनी दोन मिनिटं टीव्ही पाहिला आणि काळजीनं म्हणाल्या, "अहो, त्या पंचांचा रुमाल पडला बघा."

पिवळा रुमाल खरंच गवतावर पडला होता. कुणीतरी चूक केली की तिथले पंच मुद्दाम तो फेकतात, हे आम्हालाही तोपर्यंत ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा पडला. मग दुसऱ्या पंचाचाही पडला.

वहिनी आमच्या प्लेटा भरता भरता वैतागल्या. "एवढा मोठा देश, आणि एकाच्याही बायकोला नवऱ्याचा खिसा शिवून देता येत नाही?"

त्या दिवसापासून आमच्या मंडळात कुणी काही चुकलं की एकच आरोळी, "रुमाल पडला!" दत्तानं चहात साखर जास्त टाकली, रुमाल पडला! मला मीटिंगला उशीर झाला, रुमाल पडला!

* * *

आता माझा किस्सा. लपवून काय करू?

मला त्या खेळातलं सर्वांत जास्त काय आवडलं, तर पंचांची ऐट! निर्णय दिला की मुख्य पंच माइकवर साऱ्या स्टेडियमला सांगतो, कोण चुकला, काय चुकला, शिक्षा काय. आणि हजारो माणसं गुपचूप ऐकून घेतात. मी मोहात पडलो. माजिवड्याला एक स्पर्धा होती, तिथे आयोजकांकडून माइक मागून घेतला. पहिल्याच वादात मधोमध उभा राहिलो आणि घोषणा केली, "पाच नंबरच्या चढाईपटूचा पाय रेषेबाहेर. चढाईपटू बाद!"

वाक्य संपायच्या आत पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. पाच नंबरची आई! त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाल्या, "पाय आतच होता. मी त्याला जन्म दिलाय, मला त्याचा पाय माहीत आहे!"

त्यांच्या हातून माइक कोचकडे गेला, कोचकडून समोरच्या टीमच्या कॅप्टनकडे, आणि मग एका आजोबांकडे. त्यांनी आधी स्वतःच्या काळातली कबड्डी सांगितली, मग उपस्थितांचे आभार मानून टाकले. खेळ सुरू व्हायला अर्धा तास लागला. पण एक कबूल करतो, त्या दिवशी पब्लिकची जेवढी करमणूक झाली तेवढी ना कबड्डीनं कधी केली, ना फुटबॉलनं!

* * *

दत्ता दर शुक्रवारी यायचा आणि दर शुक्रवारी शिव्या घालायचा. "हा काय खेळ आहे? नाव फुटबॉल आणि बॉल हातात! क्रिकेट बघ, कबड्डी बघ. तीस सेकंदांत चढाई खलास!"

वैशाली त्याला शांतपणे समजवायची. "काका, ही पण चढाईच आहे ना. सगळे जागा धरतात, एक घुसतो, बाकीचे पकडतात. फक्त दोन चढायांच्या मध्ये ते डोकं चालवतात. तुम्ही चालवायचात का?"

"मी पाय चालवायचो!"

मग ती मॅच आली. शेवटचे काही सेकंद उरलेले, एक टीम मागे. त्यांच्या एकानं बॉल असा लांब भिरकावला की तो खाली येईपर्यंत खोलीत कुणी श्वास घेतला नाही. चौघे एकदम उडाले आणि त्या गर्दीतून एकच हात वर आला. बॉलसकट!

मी ओरडलो, वैशाली ओरडली, डॉमनिक ऑपरेशनचा गुडघा विसरून उभा राहिला. आणि दत्ता? दत्ता प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून नाचत होता! खुर्चीचा पाय कधी गेला ते कुणालाच कळलं नाही. दत्ता सतरंजीवर आडवा, कोपर खरचटलेलं, वर पंख्याकडे बघत.

"बकवास खेळ आहे," पडल्या पडल्या तो म्हणाला. "पुढची मॅच कधी आहे?"

* * *

इकडे डॉमनिकला सगळे नियम पाठ झाले, पण नेथनचं "गुड, फाइन, बाय" काही बदलेना. मग विल्सनकडून कळलं की पोरगा बाकावरच बसून असतो. अंगानं बारीक. समोरच्याला छातीवर जाऊन धरायला बघतो आणि समोरचाच त्याला ओढत घेऊन जातो. कोच त्याला उतरवतच नाही.

डॉमनिक ताडकन म्हणाला, "छातीवर कशाला जातो? घोटा नाय काय समोरच्याला?"

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही सगळे मंडळात. तिकडे शनिवारची रात्र. वैशालीनं फोन धरला, आम्ही मॅट टाकली. दत्तानं त्याही वयात चढाई केली, आणि डॉमनिकनं बसूनच, एका अंगावर झुकत त्याचा घोटा असा धरला की दत्ता थेट कॅरमच्या स्टँडवर जाऊन आदळला. सोंगट्या खोलीभर! आणि डॉमनिकनं सवयीनं मांडीवर थाप मारली. फाट!

फोनमधून हसण्याचा आवाज आला. नेथन हसत होता! आम्ही सगळ्यांनी कान टवकारले.

"कूल, ग्रँडपा," तो म्हणाला. "ओके, बाय."

डॉमनिक बसल्या बसल्या सोंगट्या गोळा करायला लागला. "हसला रे," म्हणाला. "पन इचारलं नाय काय."

* * *

शाळेची शेवटची मॅच त्यांच्या शुक्रवारी संध्याकाळी होती, म्हणजे आमच्या शनिवारी सकाळी. शाळा स्वतःच ती इंटरनेटवर दाखवते आणि तिथलेच एक शिक्षक कॉमेंट्री करतात. आम्ही साडेसातलाच हजर. वहिनींनी पोहे आणले होते, पण डॉमनिकनं प्लेट मांडीवर घेऊन चमचाही उचलला नाही.

मॅचच्या चार भागांपैकी तीन संपले. नेथन बाकावर. चौथ्या भागात त्यांचा एक जण लंगडत बाहेर आला आणि कोचनं बाकाकडे बघितलं.

"चौतीस नंबर! काका, चौतीस!" वैशाली किंचाळली.

नेथन उतरला. पहिल्याच धावेत दाराएवढा एक मुलगा बॉल पोटाशी धरून सरळ त्याच्यावर आला. दत्तानं डोळे मिटले. आणि नेथन खाली गेला! छाती सोडली, कंबर सोडली, झेप टाकून दोन्ही हातांत एक घोटा. ते दार आडवं! खोलीत एवढा आवाज झाला की खालचा इस्त्रीवाला वर धावत आला.

पण खरी गंमत पुढेच. नेथन उठला, पाय रोवून उभा राहिला आणि सगळ्या स्टेडियमसमोर त्यानं मांडीवर थाप मारली. एकदा. मग दुसऱ्यांदा.

कॉमेंट्री करणारे शिक्षक घाबरले. "चौतीस नंबरच्या मांडीला काहीतरी झालंय!" पंचांनी खेळ थांबवला. डॉक्टरांची पेटी घेऊन दोन जण धावत आले, एकानं त्याला खाली बसवलं, दुसऱ्यानं बर्फाची पिशवी मांडीवर दाबून धरली. नेथन हात हलवून "काही नाही, काही नाही" म्हणतोय आणि ते त्याला धरून बाहेर नेतायत!

"रुमाल पडला का?" वहिनींनी विचारलं. कुणालाच हसू आवरेना. डॉमनिक मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता, आणि खांदे हलत होते.

मॅच संपून अर्धा तास झाला असेल. आम्ही गार पोहे खात होतो आणि डॉमनिकचा फोन वाजला. रविवार नव्हता. नंबरही विल्सनचा नव्हता. स्क्रीनवर नेथन, घामाघूम, मांडीवर अजून बर्फ.

"ग्रँडपा," तो म्हणाला, "मी दोनदा मारली, पण आवाजच नाही आला. तुमचा एवढा मोठा आवाज कसा येतो?"



डॉमनिकनं फोन टेबलावरच्या चषकाला नीट टेकवून ठेवला. खुर्ची मागे सारली, उभा राहिला आणि पँट सावकाश गुडघ्याच्या वर ओढायला लागला.

"मास्तर," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तो पंखा बंद कर जरा. आवाज पार तिकडं जायला पायजे."