अप्पासाहेबांच्या नावाला अडखळणारं मशीन

हसनाबादच्या दैवशालाला दिसत नाही. ऐकू मात्र चांगलं येतं. हा फरक गावाला अजून पटलेला नाही. रस्त्यात भेटणारा जो तो तिच्याशी ती पलीकडच्या शिवारात उभी असल्यासारखा ओरडून बोलतो. सोबत धाकटा भाऊ भारत असला, तर मग तिच्याशी बोलतच नाही, तिच्याबद्दल त्यालाच विचारतो. "ताईचं जेवण झालं का?" ताई तिथंच उभी असते. भारत सांगतो, "झालं."

लहानपणीच्या तापात तिची नजर गेली. अंधशाळेत राहून ती बारावी झाली आणि घरी परतली. तेव्हापासून लसूण सोलणं, शेंगा फोडणं आणि पाहुणे आले की गोड गळ्यानं अभंग म्हणणं, एवढी कामं तिच्यासाठी राखून ठेवलेली. तिचा गळा गोड नव्हता. पण आंधळ्या माणसाचा गळा गोडच असतो, असं पाहुण्यांचं ठरलेलं असे. चाळिशीला टेकल्यावर तिनं मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. घरच्यांनी विरोध केला नाही, कारण कुणाला ते खरंच वाटलं नाही.

पुस्तकं ऐकायची सोय बदनापूरच्या एका संस्थेनं केली. बोलकी पुस्तकं वाजवणारं, तळहाताएवढं, बटणांचं मशीन. संस्थेचे अध्यक्ष अप्पाराव. त्यांना अप्पासाहेब म्हटलं नाही तर ते वळून बघत नाहीत. वाटपाच्या कार्यक्रमात उन्हं कलेपर्यंत भाषणं झाली. अंधार आणि प्रकाश हे दोन शब्द प्रत्येक वक्त्यानं वापरले. मग फोटोसाठी सगळ्यांच्या हातात खोकी दिली. दैवशालानं आपलं खोकं हलवून बघितलं.

"हे रिकामं हाय," ती म्हणाली.

"ताई, फोटोत वजन दिसत न्हाई," संस्थेचा समन्वयक कल्याण तिच्या कानाशी कुजबुजला. "मशीन जाताना भेटंल."

मशीन जाताना खरंच मिळालं. घरी येऊन तिनं ते चालू केलं. सुरुवातीला अप्पासाहेबांचा संदेश होता: "माझ्या दृष्टिहीन बंधुभगिनींनो..." तो पुढं ढकलायची सोय नव्हती. तो संपल्यावर तिनं इतिहासाचं पुस्तक लावलं. पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं. तिसरं सुरू व्हायच्या बेताला मशीन 'टुक' करून गप्प झालं, आणि जरा वेळानं आपोआप चालू होऊन म्हणालं, "माझ्या दृष्टिहीन बंधुभगिनींनो..."

पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच टुक, पुन्हा बंधुभगिनी. आठवडाभरात इतिहासाऐवजी अप्पासाहेबच तिला पाठ झाले.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. भारतनं मशीनवर फुंकर मारली, मग ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. ते पाण्यात पडलं नव्हतं, असं दैवशालानं सांगून बघितलं. "तांदूळ कशालाबी चालतो," तो म्हणाला. तिथून मशीन पप्पूच्या मोबाइलच्या दुकानात गेलं. पप्पूनं ते उघडलं, बंद केलं, बॅटरी खराब असल्याचं सांगितलं आणि दुसरी बसवली. आता मशीन नव्या दमानं त्याच जागी बंद पडू लागलं.

तिनं कल्याणला फोन लावला.

"ताई, बंद करून परत चालू करून बघा."

"ते आपल्या मनानंच बंद होऊन चालू होऊन राह्यलंय. तीच तर तक्रार हाय."

"मंग तुमचं बटन चुकत आसंल. घरात डोळस माणूस हाय का कोणी?"

"हाय. त्यानं तांदळात ठिवलं होतं."

कल्याणला हसू आलं नाही. त्यानं 'वापरकर्त्याची चूक' अशी नोंद केली आणि फोन ठेवला.

तेव्हा दैवशालानं लसूण बाजूला सारला आणि स्वतःच शोध घ्यायला बसली. आधी चार्जर लावून ऐकलं; तरी मशीन बंद पडलं. म्हणजे बॅटरी नव्हे. हेडफोन काढून ऐकलं, तेच. मग गोष्टींचं पुस्तक लावलं. ते पहिल्यापासून शेवटापर्यंत बिनतक्रार वाजलं, म्हणजे मशीन धड होतं. मग भूगोल लावला, तर तो चौथ्या प्रकरणाच्या तोंडाशी मेला. अडचण परीक्षेच्या पुस्तकांत होती, आणि तीही एक प्रकरण संपून दुसरं उघडताना.

तिनं मशीनमधलं मेमरी कार्ड काढून आपल्या मोबाइलात घातलं. तिचा मोबाइल पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. गोष्टींच्या फाइलींची नावं त्यानं झटकन वाचली: गोष्ट एक, गोष्ट दोन. इतिहासाशी आल्यावर तो सुरू झाला: "लोकनेते शिक्षणमहर्षी समाजभूषण दीनदुबळ्यांचे कैवारी माननीय श्री अप्पासाहेब यांच्या प्रेरणेने व सौजन्याने इतिहास प्रकरण तिसरे एकोणिसाव्या शतकातील सामाजिक व धार्मिक सुधारणा चळवळी."

दैवशाला तिथंच थांबली. पहिल्या दोन प्रकरणांची नावं आखूड होती, म्हणून साहेबांसकट कशीबशी मावली होती. तिसऱ्याचं नाव मुळातच लांब. एवढं लांब नाव उघडताना मशीनचा जीव जात होता. तिनं त्या फाइलीच्या नावातलं 'सौजन्याने'पर्यंतचं सगळं पुसलं, कार्ड परत घातलं आणि बटण दाबलं. तिसरं प्रकरण सुरळीत सुरू झालं. ते संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कल्याणला कारण सांगितलं.

"बराबर आसंल ताई," तो म्हणाला, "पण साहेबाचं नाव पुसायचं म्हंजे... त्यापेक्षा प्रकरणाचं नाव कमी करता येईल का?"

"सुधारणा काढू का चळवळी काढू?"

कल्याणनं साहेबांना विचारून कळवतो म्हटलं. त्यानं काही कळवलं नाही.

मग संस्थेच्या मासिक बैठकीला ती भारतला घेऊन बदनापूरला गेली आणि मशिनं मिळालेल्यांना एकेक करून विचारलं. सगळ्यांची मशिनं बंद पडत होती. प्रत्येकानं चूक आपलीच धरून ती कपाटात ठेवली होती. धावड्याचे रामकिसनकाका तर म्हणाले, "आपल्यालाच येत न्हाई, म्हणून मी काय बोललो न्हाई." पुढच्या बैठकीला दैवशालानं सगळ्यांना मशिनं आणायला लावली आणि मंडपाच्या कोपऱ्यात बसून, एकेकाचं कार्ड आपल्या मोबाइलात घालून ती नावं छाटू लागली. रांग लागलेली पाहून अप्पासाहेब स्वतः आले.

"काय करून राह्यल्या ताई?" त्यांनी भारतला विचारलं.

"मला इचारा," दैवशाला म्हणाली. "साहेब, तुमचं नाव मशीनला पेलत न्हाई. पुढं वाचायलाच तयार न्हाई ते."

मंडपात कुणीतरी खोकलं. अप्पासाहेब विचारात पडले.

"पदव्या ठिवून नाव काढलं तर?"

"पदव्याच जड हायत."

चारचौघांत त्यांना नाही म्हणता आलं नाही. ते "चालू द्या" म्हणाले आणि चालू दिलं. पुढच्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली: 'अप्पासाहेबांच्या तत्परतेने बोलक्या पुस्तकांचा दोष दूर.' फोटोत साहेबांच्या हातात मशीन होतं आणि कडेला दैवशालाचा खांदा. भारतनं बातमी गावभर दाखवली आणि आपण तांदळात ठेवल्यामुळं कसा फरक पडला, तेही सांगितलं.

दैवशाला इतिहासात चांगल्या मार्कांनी पास झाली. इंग्रजीत राहिली, कारण त्या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण संस्थेनं केलंच नव्हतं. तिनं कल्याणला फोन करून ते मागितलं. कल्याण म्हणाला, काम सुरू आहे; सध्या साहेबांच्या नव्या संदेशाचं मुद्रण चाललंय.