गोळीच्या आधी रक्त

मिल बंद पडली आणि आमच्या चाळीतल्या बायकांची भेटायची जागा बदलली. प्रायव्हेट डॉक्टर परवडेना, म्हणून सगळ्या सरकारी दवाखान्याच्या लाइनीत. पोरं कडेवर, तोंडं चालू. किस्से साचणारच.

त्या पावसाळ्यात घरोघर मलेरिया. तो परत येऊ नये म्हणून जी गोळी देतात, तिच्या आधी रक्त तपासायचं नवीन निघालं होतं. काहींचं रक्त त्या गोळीनं फुटतं म्हणे, आणि ते जन्मापासूनच तसं असतं. आपल्या इंदूरच्या दवाखान्यात ही टेस्ट, तीही फुकट!

चाळीतली कांताबाई भडकली. "ताप एक, गोळी एक, मग माझ्या पोराला थांबवता कशाला?"

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरी वांगं सगळे खातात?"

"ह्यांना खाज सुटते."

"मग?"

कांताबाईनं पोराचं बोट पुढे केलं. वर लाइनीतल्यांनाच दटावलं, "सरको भिया, आमची टेस्ट आहे."

*

माझ्या बंटीला ताप आला तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मॅडमनी विचारलं, "ह्याच्या मामाला कधी ह्या गोळीनं त्रास झाला होता?"

सासूबाई शेजारीच. "आजारी आमचा नातू, आणि चौकशी हिच्या भावाची?"

मी खालमानेनं सांगून टाकलं. माहेरी, महूला, माझ्या भावाची लघवी काळ्या चहासारखी झाली होती, रक्त चढवावं लागलं. सासरी हे कोणाला माहीत नव्हतं.

"बरं झालं बोललात. मुलाकडे हे आईकडूनच येतं," मॅडम म्हणाल्या.

"बघा, खोट कुठून आली ती," सासूबाई.

*

लॅबमध्ये कागदावर रक्ताचा थेंब ठेवतात, वर निळा दिवा. थेंब चमकला तर गोळी चालते. ताडून बघायला धडधाकट माणसाचाही थेंब लागतो.

सासूबाईंनी पदर खोचला. "माझं घ्या. आमच्या खानदानात खोट नाही."

दिवा लागला. बंटीचा थेंब काळाच. मला रडू फुटलं.

"ताई, रोना मत," लॅबवाले भिया म्हणाले. "वेळेवर कळलं. ताप उतरवायची गोळी देऊ, फक्त ती दुसरी नाही." मग त्यांनी दिवा जवळ धरला. "आजी, तुमचा पण चमकत नाहीये."

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला.

बंटी बरा झाला, अंगणात पळायला लागला. कांताबाईनं विचारलं, "ह्याला ती गोळी का नाही दिली?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "त्याचं रक्त स्पेशल आहे. पोरगं माझ्यावर गेलंय."