फुलंब्रीची शर्यतीची घोडी

नोकरीतले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. फुलंब्रीजवळच्या त्या घोडीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि पोळ्याचा बंदोबस्त नुकता आटोपला होता. सकाळी ठाणे अंमलदार सांगत आला, "साहेब, घोडी मारल्याची फिर्याद आहे."

फिर्यादी शहरात पुंडलिकनगरात राहणारे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे व्यापारी. गावी शेती, तिथं म्हातारी आई. या गृहस्थांना शर्यतीच्या घोड्याचा नाद नवीनच लागला होता. पुण्याच्या तबेल्यातून त्यांनी अस्सल जातीची घोडी घेतली. पायाला लचक भरली म्हणून तिला विश्रांती सांगितली, तर यांनी तिला थेट गावी शेतावर आणून बांधलं. तबेल्यातच राहू द्या, असं तिथल्या घोड्यांना शिकवणाऱ्यानं परोपरीनं सांगितलं होतं. यांचं म्हणणं, आपलं जनावर आपल्या दारात नको का? नवशिक्या मालकाला कोण समजावणार!

घोडीबरोबर तिची निगा राखणारा एक सईस आला होता. बीडकडचा, पन्नाशीचा, जन्म तबेल्यात गेलेला. पाहुण्यांनी घोडीवर बसून फोटो काढण्यावरून मालकाशी त्याची चांगलीच जुंपली होती. पोळ्याच्या संध्याकाळी घोडी लोळायला लागली आणि पहाटे मेली. रागापोटी सईसानंच विष घातलं, अशी फिर्याद होती. त्यात शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला की, सांजच्याला सईस बादलीत काहीतरी कालवून घोडीला पाजत होता. मग काय, गावाला मोकळं रान मिळालं! पंचनाम्याला गेलो तेव्हा जो तो त्याच्याकडे बोट दाखवत होता.

त्याला ठाण्यात आणलं. बादलीत हिंग-ओव्याचं पाणी होतं, घोडीचं पोट दुखत होतं म्हणून पाजलं, एवढं त्यानं सांगितलं. पोळ्याच्या दुपारी शहरात उस्मानपुऱ्यात तिच्या पायाचं औषध आणायला गेला होता, हेही खरं निघालं. पण घोडीला झालं काय, हे विचारलं की तो खाली बघायचा. शेवटी म्हणाला, "माझ्याच हातून गेली असं लिहा, साहेब."

मला राग आला. गुन्हेगार इतक्या सहजासहजी कबूल होत नाही, आणि निर्दोष माणूस स्वतःहून गळ्यात फास घालून घेत नाही. शिवाय घोडी मारल्याचा डाग लागला असता, तर पुढं कुठल्याच तबेल्यानं या माणसाला दारात उभं केलं नसतं. दुसरं काम त्याला येत नव्हतं. हे सगळं त्याला ऐकवलं, तरी तो आपलं म्हणणं सोडेना.

दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या सरकारी डॉक्टरांचा फोन आला. विषाची शंका वाटत नाही, म्हणाले. पोट पुरणानं आणि कणकेनं गच्च भरलेलं होतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं चुकीचं खाल्लेलं बाहेर टाकायला त्याला वाटच नसते.

पुन्हा शेतावर गेलो आणि एकेकाला वेगळं घेऊन विचारलं. पोळ्याला बैलांना ओवाळून पुरणपोळी भरवायची, हा रिवाज. बैलांच्या शेजारी ही उमदी घोडी बांधलेली, सईस शहरात गेलेला. वाटेनं जाणाऱ्या प्रत्येक घरच्या बाईनं तिलाही हळद-कुंकू लावलं, नैवेद्य भरवला. आणि प्रत्येकीचा जबाब एकच: एकच तर पोळी घातली, साहेब.

संध्याकाळी मालकाची आई लेकासोबत ठाण्यात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. "पयली पोळी म्या घातली," ती म्हणाली. "माझं बघून बायांनी घातली. सणाच्या दिवशी दारातलं जनावर उपाशी कसं ठेवायचं, साहेब?"

म्हातारी सईसाकडं वळली. "तुला ठावं व्हतं ना रं? मग बोलला का नाय?"

"गव्हाणीत पुरण दिसलं व्हतं, आई," तो म्हणाला. "त्याच ताटातली तुमी मलाबी वाढली व्हती. तुमचं नाव कसं घेऊ?"

मालकांनी सईसाचे हात धरले आणि फिर्याद मागं घेतली.

मेलेल्या जनावरामागं वैर शोधायचं, ही आम्हा पोलिसांची सवय. इथं सगळ्या गावात त्या घोडीचा वैरी कुणीच नव्हता. तपासात मी तेव्हापासून कुणाचं वाकडं होतं याच्याइतकंच, कुणाचा जीव जडला होता हेही विचारत आलो.

मालकांचा अजून फोन येतो. त्यांनी दुसरी घोडी घेतली, ती पुण्यालाच असते, सईस तोच आहे. दरवर्षी पोळ्याच्या आसपास आई तिला बघायला जाते. कुंकू लावते, मानेवरून हात फिरवते. सोबत मात्र काही नेत नाही.