कुंकू नसलेला कोयता

ती दसऱ्याची सकाळ आजही जशीच्या तशी आठवते. पोलीस ठाण्यात रायफलींची पूजा उरकून आम्ही पेढ्यांवर ताव मारत होतो, तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. परळच्या एका टॉवरच्या बागेतला माळी आंब्यावरून पडला होता. पाय मोडला होता.

बागेत ठेकेदाराचा सुपरवायझर तयारच उभा. "साहेब, आज सुट्टी. हा न विचारता चढला. बेल्ट दिलाय, तो घालत नाही. असल्या माणसाला कामावर ठेवायचं तरी कसं?"

माळी पन्नाशीचा, कोकणातला. इस्पितळात जबाब घ्यायला गेलो, तर प्लास्टरकडे बघत म्हणाला, "माझीच चूक, साहेब. तसं लिवा." इतक्या पटकन कबूल होणारा माणूस दिसला की माझं डोकं उठतं.

पंचनाम्यासाठी बागेतली अवजारांची खोली उघडली आणि मला हसूच फुटलं. पाटावर कोयते, कात्र्या, कुदळी, वर झेंडूचा हार आणि मधोमध सुरक्षा बेल्ट! त्यालाही हळदकुंकू. खंडेनवमीला पुजलेल्या वस्तूला दसरा सरेपर्यंत हात लावायचा नाही, ही या माळ्यांची रीत. बेल्ट का घातला नाही, ते कळलं.

पण झाडाखाली सापडलेला कोयता कोरा करकरीत होता. कुंकवाचा ठिपकाही नाही. मग तो आला कुठून?

सुपरवायझरला ठाण्यात बोलावलं, चहा पाजला, कोयता समोर ठेवला.

"त्याचाच असेल, साहेब."

"त्याचे सगळे पूजेत आहेत. हा कोणाचा?"

गडी घाम पुसायला लागला. "टॉवरवाल्यांच्या संध्याकाळच्या दसरा कार्यक्रमाच्या मांडवाला फांदी आड येत होती. पुजलेल्या कोयत्याला हा हात लावेना, म्हणून लालबागहून नवा आणून दिला."

"अरे शहाण्या, कोयता नवा आणलास, मग बेल्ट आणायला काय झालं होतं?"

त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. माळ्याला सांगितलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "नाव घेतलंस तर घरी बसवीन म्हणालेला, साहेब." त्याची नोकरी राहिली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माणूस पडला की आम्ही आधी त्याचीच चूक शोधत असू. त्याला वर चढवलं कोणी, हे विचारायला मी त्या केसमध्ये शिकलो.

पुढल्या दसऱ्याला त्याने मला पूजेला बोलावलं. पाटावर सगळी अवजारं होती, बेल्ट नव्हता.

"काय रे, बेल्ट कुठाय?"

त्याने हसत सदरा वर केला. बेल्ट कमरेला बांधलेला, वर ठसठशीत कुंकू. "आज चढायचं नाय, साहेब. पण ह्याची पूजा आता अशीच करतो."