पटावरचं एकही पोर कमी नको

मी निवृत्त झाले त्या दिवशी चार्ज देताना यादी केली होती. रजिस्टरं, वजनकाटे, कपाटाच्या किल्ल्या, गॅसची शेगडी, सगळं नव्या बाईंच्या ताब्यात दिलं आणि सही घेतली. किस्से मात्र कोणी ताब्यात घेतले नाहीत. यादीत तसा रकानाच नव्हता. तेव्हा ते माझ्याकडेच राहिले, आणि घरी बसल्यापासून आणखी फुगत चालले आहेत. एक सांगायला घेतला की मागून तीन निघतात.

मी अंगणवाड्यांची सुपरवायझर होते. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके पायाखाली घातले. ज्या बाईमुळे यातले निम्मे किस्से झाले ती सेविकासुद्धा नव्हती. लोणीच्या पुढच्या एका वाडीतली मदतनीस, मंदाबाई. शिक्षण सातवी. काम म्हणजे सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, झाडलोट करायची, खिचडी शिजवायची.

*

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच रुजू झाले होते. होम सायन्सची पदवी, बालविकास विषय घेऊन, फर्स्ट क्लास! त्या वाडीत पहिल्यांदा गेले तर सेविका वत्सलाताई मीटिंगला गेलेल्या आणि मंदाबाई एकटीच. वजनाचा दिवस होता. टांगायच्या काट्याला कापडी चड्डी अडकवून त्यात पोराला बसवायचं असतं. पहिल्याच पोराने चड्डी बघून जो सूर लावला तो बाकीच्या वीस जणांनी उचलला.

मी पदवीत शिकलेलं सगळं करून पाहिलं. बसून समान उंचीवरून बोलले, शांत आवाज ठेवला, डोळ्यांत बघितलं. रडणं वाढलं.

मंदाबाईने माझ्या खांद्यावरची पर्स काढली आणि काट्याच्या चड्डीत बसवली. पोरं गप्प. तिने काटा वाचला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आरं द्येवा, बाईंची पर्स तर ग्रेड वन मंदी हाय. हिला रोज खिचडी द्याया लागंल."

ग्रेड वन म्हणजे थोडं कमी वजन. पोरांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण माझ्या पर्सपेक्षा आपण जड आहोत हे दाखवायला रांग लागली. सगळ्यात पुढे सविता नावाची चार वर्षांची मुलगी होती. वास्तविक ती वाडीतली सगळ्यात भित्री. घाबरली की आपल्या घरामागच्या कांदे साठवायच्या बराकीत जाऊन लपायची, आणि मंदाबाई रोज सकाळी तिला तिथून काढून कडेवर घालून आणायची.

त्या दिवशी परत येताना एसटीत मी माझी पदवी जरा बाजूला ठेवली.

*

मदतनिसांचं प्रशिक्षण सेविकांपेक्षा थोडक्यात असायचं, काही दिवसांचं. एका वर्षी ते ओझरला होतं. शिकवायला पुण्याहून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण भाषा पुस्तकाची. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'बालकाचा सर्वांगीण विकास म्हणजे काय?' आणि एकेकीला उठवायला लागल्या. बायका खाली बघायला लागल्या. कोणी सतरंजीचे दोरे काढत होती.

मंदाबाईची पाळी आली. ती उभी राहिली, पदर नीट केला.

"मला मोठं काय सांगता येनार न्हाई बाई. पर आमच्याकडं पोरगं पयल्यांदा येतं तवा त्येचा शेंबूड आमी पुसतो. मग त्येचा त्ये पुसाया लागतं. आन मग एक दिवस शेजारच्या बारक्याचा पुसतं. तवा मी म्हंते, हां, झालं ह्येचं. आता धाडा शाळंत."

तज्ज्ञ बाई फळ्याकडे वळल्या. मग खडू घेतला आणि शब्द न शब्द फळ्यावर लिहून काढला. खाली लिहिलं, 'व्याख्या'. मग त्यांनी मंदाबाईचं शिक्षण विचारलं. सातवी म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जसं काही तो नियम मीच केला होता.

*

आणे पठारावरच्या सेविका शारदाताईंचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्या काळी आमची शैक्षणिक साहित्याची स्पर्धा असायची. टाकाऊ वस्तूंपासून पोरांना शिकवायला काहीतरी करून आणायचं. शारदाताईंनी पुठ्ठ्यावर बाजरीचे दाणे चिकटवून एक ते दहा अंक केले. रात्रंदिवस खपल्या होत्या. स्पर्धेच्या दिवशी स्टँडवर तो पुठ्ठा भिंतीला टेकवून पाणी प्यायला गेल्या, तेवढ्यात कोणाच्या तरी शेळीने एकपासून वाचायला सुरुवात केली.

परीक्षकांपुढे त्या ताठ मानेने उभ्या राहिल्या. परीक्षक म्हणाले, "हे पाचपासून का सुरू होतंय?"

"पयले चार आंक ज्यांला येत व्हते त्यांनी खाल्ले सर. साहित्य लई आवडलं त्यांला."

बक्षीस मिळालं. दुसरं. पहिलं जुन्नरच्या शमीमताईंना. त्यांच्या घरी शिवणकाम होतं. चिंध्यांचं पुस्तक शिवलं होतं त्यांनी, प्रत्येक पानावर एक बटण, एक हूक, एक नाडी. पोरगं पुस्तक संपवेपर्यंत स्वतःचे कपडे घालायला शिकायचं. शारदाताई ते पुस्तक हातात घेऊन म्हणाल्या, "ह्ये मातर शेळीपासून जपा."

*

पुढे वत्सलाताईंची निवृत्ती जवळ दिसायला लागली. मंदाबाई एक दिवस मला म्हणाली, "बाई, ताईंच्या जागी मला घेत्याल का?"

मी म्हटलं, दहावी लागते. आणि हे सांगताना मला लाज वाटली, ते कबूल करते. ताई रजेवर असल्या की सगळी अंगणवाडी तीच चालवायची, आणि रजिस्टरही तीच भरायची.

"मंग करते की," ती म्हणाली आणि सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. वय पस्तिशीच्या पुढे.

अभ्यासाला वेळ कुठला? मग तिने दहावीची पुस्तकं बडबडगीतात बसवली. पोरांना टाळ्या वाजवायला लावून स्वतःचं पाठांतर करायची. मला याचा पत्ता नव्हता. तो लागला आमच्या साहेबांबरोबर मी अचानक भेटीला गेले तेव्हा. साहेब लाडात आले आणि एका टोपीवाल्या पोराला म्हणाले, "बाळ, एखादं गाणं म्हण बघू."

बाळ उठलं. टाळ्या वाजवत, गिरकी घेत म्हणालं, "काटकोन त्रिकोणात, कर्णाचा वर्ग, बाकीच्या दोघांच्या वर्गांची बेरीज!" आणि मागून सगळी अंगणवाडी "बेरीज, बेरीज" करत नाचायला लागली.

साहेब माझ्याकडे वळले. "हे अभ्यासक्रमात आहे?"

"प्रायोगिक आहे सर," मी म्हटलं.

मंदाबाई चुलीपाशी खिचडी ढवळत होती. मान वर केली नाही तिने.

*

परीक्षा आली. गंमत बघा, मंदाबाईने नव्वद साली ज्यांना कडेवर आणलं होतं तीच पोरं त्या वर्षी दहावीला होती. वाडीतली नऊ. सगळ्यांचं केंद्र एकच. रोज सकाळी फाट्यावर नऊ पोरं आणि दहावी मंदाबाई, अशी एसटीची वाट बघत उभी राहायची. पोरांच्या या मावशीच्या हातात पिशवी, पिशवीत कंपास.

बीजगणिताच्या दिवशी एसटी आली तशी मंदाबाईने सवयीने पोरं मोजली. आठ. सविता नव्हती.

पोरं चढली. कंडक्टरने बेल दिली. मंदाबाई एक पाय पायरीवर ठेवून होती, तो तिने खाली घेतला. आणि वाडीकडे चालायला लागली.

सविता कुठे असणार हे तिला विचारायची गरज नव्हती. मार्च महिना, बराक रिकामी. सविता कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. गणिताच्या भीतीने रडून डोळे सुजलेले. चार वर्षांची होती तेव्हा बसायची त्याच कोपऱ्यात. आता कडेवर घेता येत नव्हती एवढाच फरक. मंदाबाईने तिचं तोंड धुतलं, हाताला धरलं आणि दुधाच्या टेम्पोतून दोघी केंद्रावर पोचल्या. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. दोन मिनिटं बाकी होती.

सविता पास झाली. मंदाबाई गणितात चार मार्कांनी गेली.

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, "अहो, तुमची जागा पणाला लागलीय. तुम्ही का गेलात? तिच्या आईबापांनी बघितलं असतं."

ती म्हणाली, "बाई, मोजनी कमी भरली की माझं पाऊलच उचलत न्हाई. काय करू?"

ऑक्टोबरला पुन्हा बसली आणि सुटली. निकालाचा कागद घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी तिला मिठी मारली. ऑफिसातले क्लार्क बघत राहिले.

*

चार-पाच वर्षांनी वत्सलाताई निवृत्त झाल्या आणि जागा निघाली. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्ये कोणी विचारायला नको. ती जागा मंदाबाईला मिळाली नाही. मार्क मोजले गेले आणि मार्क दुसरीचे जास्त होते. मला ते आजही बोचतं. दोन वर्षांनी पलीकडच्या वस्तीला छोटी अंगणवाडी मंजूर झाली, तिथे ती सेविका झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. पण मी सांगणार आहे ते मुलाखतीच्या दिवसाचं.

अर्ज दोनच होते. एक मंदाबाईचा. दुसरा सविताचा. सविता बारावी झालेली, लग्न होऊन वाडीतच राहिलेली. अर्ज तिच्या सासऱ्यांनी भरलेला.

अकराची वेळ होती. साहेब मधल्या खुर्चीत, शेजारी मी. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, दोघींचाही पत्ता नाही. साहेब घड्याळ बघायला लागले. मला काही सुचेना. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली त्या दिवशी ही बाई उशीर करते म्हणजे काय?

साडेअकराला दार उघडलं. मंदाबाई घामाघूम. एका हातात सर्टिफिकेटांची पिशवी आणि दुसऱ्या हातात सविताचा दंड. सविता रडवेली, केसांत कांद्याची पातळ साल अडकलेली.

"उशीर का झाला?" साहेबांनी विचारलं.

"हिला आनाया गेलते."

"कुठे होती ही?"

"बराकीत. येनार न्हाई म्हनत व्हती. म्हंती, मावशीची जागा हाय."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो बाई, ही आली नसती तर तुम्ही एकट्याच उमेदवार होता. तुमचीच निवड झाली असती. ठाऊक होतं ना?"

"ठावं व्हतं की," मंदाबाई म्हणाली. "पर यादीत दोन नावं हायती."

मग तिने सविताच्या केसांतली साल काढली, पदराने तिचं तोंड पुसलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"आधी हिचं घ्या सायेब. ही लवकर घाबरती."