लांज्याच्या पुढे, पाचव्या नावासाठी

कराडहून रत्नागिरीच्या गाडीत बसले तेव्हा पुतण्या सोडायला आला नव्हता. तो घराबाहेर पडतच नाही. एजंटाने त्याला सुरक्षारक्षकाची नोकरी म्हणून रशियात नेलं, आणि तिथे पंधरा दिवसांत हातात बंदूक देऊन युक्रेनच्या आघाडीवर पाठवलं. तो परत आला. त्याच्याबरोबर खंदकात असलेला लांज्याकडचा महेश आला नाही.

महेशच्या गावात सैनिकांचा स्मारकस्तंभ आहे. त्यावर पोराचं नाव बसवायचं, तर त्याला मरताना पाहिलेला माणूस हवा, असा वडिलांचा फोन आला. पुतण्या जाईना, म्हणून मी निघाले. काय सांगायचं ते त्याने माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं: गोळा पडला, महेश जागीच गेला. खरं काय ते त्याने मला आधीच सांगितलं होतं. महेशचा श्वास चालू होता, तो हाका मारत होता, आणि पुतण्यासकट सगळे त्याला तिथेच टाकून पळाले. मागे कोणी गेलं नाही.

आंबा घाट उतरल्यावर उकाडा सुरू झाला. पालीला उतरून लांज्याची गाडी धरायची, तर महामार्गाच्या खोदकामात ती दीड तास अडकली. पाय मोकळे करायला खाली उतरले, तर एका खड्ड्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "हा रस्ता पुरा होईल तेवा आमची नातवंडं म्हातारी व्हतील." तिनेच पिशवीतली सुतळी काढून चप्पल बांधून दिली.

लांज्याला महेशचे वडील रिक्षा घेऊन उभे होते. गावापर्यंतचा रस्ता कातळावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून) जातो. गवत वाळून पिवळं पडलं होतं. वडील वाटेत एवढंच बोलले की, नावाची पाटी तयार आहे, पण बायको बसवू देत नाही.

कारण घरी कळलं. महेशचा फोन बंद झाल्यावर गावकऱ्यांनी देवाला कौल लावला होता. गुरव (देवळाचा पुजारी) देवाच्या अंगाला ओली फुलाची पाकळी चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पोर हयात आहे का, असं विचारलं आणि पाकळी उजवी पडली. तेव्हापासून आई निश्चिंत होती. कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळ पिठलं) वाढताना तिने मला विचारलं, तिकडचा बर्फ कधी वितळतो. वितळला की त्याला सुटी मिळेल, असा तिचा हिशेब होता. पिठी चांगली झाली होती. मी दोनदा घेतली, कारण खाताना बोलावं लागत नाही.

संध्याकाळी एक निवृत्त हवालदार येऊन पडवीत बसले. स्तंभावरची चार नावं त्यांच्या ओळखीची. ते वडिलांना म्हणाले, "आमी मिठाला जागलो ते आपल्या. ह्यो कोणाच्या मिठाला जागला, ते सांग." वडिलांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

सकाळी देवळात पुन्हा कौल लावायचा ठरला. गुरवाने गाऱ्हाणं (देवाला घातलेलं साकडं) सुरू केलं, "बा देवा महाराजा, लेकराचा काय ता खरा सांग..." आणि मागे उभे असलेले "होय महाराजा" म्हणत गेले. पाकळी लावली. अर्धा तास गेला, तासही गेला. पाकळी ना उजवी पडली, ना डावी. वाळून दगडालाच चिकटली. शेवटी हवालदारच म्हणाले, "देवाला कशाला तरास? बाई आल्यात ना, त्यांना इचारा."

आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुमी खरं सांगा. गेला?"

"गेला, वहिनी. जागीच गेला."

ती रडली नाही. तिने विचारलं, "तोंडात पाणी घातलान कोणी?"

"घातलं. माझ्या पुतण्याने."

तिने मान हलवली आणि नवऱ्याला म्हणाली, "लावा पाटी."

तासाभरात पाटी बसली. घोषणा कोणत्या देशाच्या नावाने द्यायची ते कोणालाच ठरवता येईना, म्हणून नुसता नारळ फोडला. हवालदार टोपी घालून ताठ उभे राहिले, सलाम त्यांनी केला नाही. माझ्या मते त्यांचं चुकलं नाही, आणि महेशचंही.

वडील थांब्यापर्यंत आले. गाडी दिसल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, जागीच गेला, तर पाणी कधी घातलान?"

माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"असू दे," ते म्हणाले. "तिला नका सांगू." आणि माझी पिशवी त्यांनी गाडीत चढवली.

लोक विचारतात, कोकण कसं वाटलं. हिरवं नव्हतं, पण बघण्यासारखं आहे, असं सांगते. खोटं बोलून दोन्ही घरं सुटतील, असा हिशेब करून मी गेले होते. आता दर रविवारी त्या आईचा फोन येतो. ज्याने शेवटचं पाणी घातलं तो आपलाच मुलगा, असं ती म्हणते, आणि वर्षश्राद्धाला त्याला पाठवा म्हणून विनवते. फोन वाजला की पुतण्या मागच्या खोलीत जाऊन कडी लावतो. तो बाहेर गेलाय, असं मी सांगते. वर्षश्राद्धाला अजून चार महिने आहेत.