डाव्या गुडघ्याचा विमा

माझ्या नातीला दुसऱ्या क्लबने मागणी घातली. मागणी हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण त्याने ती चिडते. "आजी, मला काय बघायला आलेत? ट्रान्सफर आहे ती." ती फुटबॉल खेळते, उजव्या कडेने पळते, आणि अहमदाबादच्या क्लबकडून केरळमधल्या एका क्लबकडे चालली होती. करार ईमेलने आला. तिने आमच्या वासणा भागातल्या घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून तो छापून आणला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"तू विम्यात होतीस ना? अकरावं पान वाच. उद्या दुपारपर्यंत सही हवीय त्यांना."

मी चष्मा लावला. अकराव्या पानावर लिहिलं होतं की खेळताना किंवा सराव करताना अशी दुखापत झाली की पुन्हा कधीच खेळता येणार नाही, तर क्लबने काढलेल्या विम्यातून खेळाडूला भरपाई मिळेल. पाय तुटायलाच हवा असं नाही. चालता येत असलं तरी हरकत नाही. खेळता येत नाही, एवढं डॉक्टरांनी सांगितलं की पुरे.

मी ते तीनदा वाचलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अहो, ऐकलंत का? आला! तुमच्या गुडघ्याचा विमा आला!"

आतून हे म्हणाले, "उशीर झाला जरा."

नात माझ्याकडे आणि आतल्या दाराकडे आळीपाळीने बघायला लागली. मग तिला सगळं सांगणं भागच पडलं. खरं सांगायचं तर ते मी स्वतःलाही कधी धड सांगितलं नव्हतं. माझ्यामुळे ह्यांचा खेळ गेला का, हा प्रश्न इतकी वर्षं मी ह्यांना विचारला नव्हता. उत्तर 'हो' आलं तर त्याचं काय करायचं, ते माहीत नव्हतं म्हणून.

तेव्हा मी तेवीस वर्षांची, लग्नाला सात महिने झालेले, आणि बडोद्याच्या अलकापुरीतल्या विम्याच्या ऑफिसात टायपिस्ट. टायपिस्टच, पण माझी चाल बघितली असती तर ऑफिस माझ्या वडिलांचं आहे असं वाटलं असतं. वेणीत मोगरा, खांद्याला पर्स, पर्समध्ये पॉलिसीच्या नियमांचं पुस्तक. शेजारणीला साधा ताप आला तरी मी पाणी विचारायच्या आधी विचारायची, "पॉलिसी आहे का?" बायका मला जिन्यात बघून परत घरात शिरायच्या. मला वाटायचं, मान देतात.

हे बडोद्यातल्याच एका कारखान्याच्या टीममधून खेळायचे. कागदावर फिटर. खरं काम डाव्या पायाने चेंडू उचलून गोलसमोर टाकायचं. सकाळी मैदान, दुपारी हजेरी, आणि नोकरी कायम. गुडघा गेला असता तरी कारखान्याने कुठल्या तरी टेबलामागे बसवून पगार दिला असता. त्या काळी खेळाडूचा विमा म्हणाल तर तेवढाच.

एका रविवारी दुपारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कोलकात्याहून एक गृहस्थ आले. तिथल्या मोठ्या क्लबचे. ह्यांना त्यांनी कुठल्याशा स्पर्धेत बघितलं होतं. तिथली पद्धत अशी की ट्रान्सफरचे दिवस मोजके, आणि त्या दिवसांत दुसऱ्या क्लबने पळवायच्या आत खेळाडू आपण पळवायचा. सही होईपर्यंत म्हणे त्याला कुणाच्या तरी मामाच्या घरी लपवून ठेवत. गृहस्थ धोतर सावरत जिना चढले आणि वर येऊन त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं. जणू खालच्या फुलवाल्याच्या टोपलीआड दुसऱ्या क्लबचे हेर बसले होते. हातात रसगुल्ल्यांचा टिनचा मोठा डबा.

सासरे झोपाळ्यावर होते. त्यांची उमेद संस्थानच्या कचेरीत गेलेली. कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या दृष्टीने घडलेलीच नसायची. घरात दूधवाला बदलला तरी ते त्याच्याकडून लिहून घ्यायचे.

"चार बजे की गाडी है," गृहस्थ ह्यांना म्हणाले. "चलो. बौमा को बाद में बुला लेंगे."

बौमा म्हणजे मी, सून. त्या शब्दाने मी एरवी विरघळले असते. पण त्या दिवशी सकाळी केर काढताना पलंगाखाली माझ्या केरसुणीला एक पिशवी लागली होती. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट, दोन शर्ट, दाढीचं सामान. म्हणजे ह्यांना मैदानावर निरोप आला होता, ह्यांनी ठरवलं होतं, सामान बांधलं होतं, आणि मला ते केरसुणीकडून कळलं! मी पिशवी होती तशी आत सरकवली आणि दुपारपर्यंत नियमांचं पुस्तक उघडून बसले.

चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवून मी विचारलं, "और घुटना गया तो?"

"काली माँ देखेंगी."

"काली माँ प्रीमियम भरेंगी?"

झोपाळा थांबला. पाहुण्याला सुनेने असं विचारावं हे सासऱ्यांना पटलेलं नव्हतं, पण प्रश्न पटला होता. "सूनबाई बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "इथली कायमची नोकरी सोडायची, तर तिकडचं काय ते लिहून द्या. स्टॅम्पपेपरवर."

गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, नोकरीचं लिहून देणं माझ्या हातात नाही, पण घुटन्याचा विमा बौमाच्या ऑफिसने दिला तर क्लब हप्ता भरेल. आणि त्यांनी आपली गाडी एक दिवस पुढे ढकलली. मी ह्यांच्याकडे अशा थाटात बघितलं की जणू मॅच मीच जिंकून दिली. हे खिडकीबाहेर बघत होते.

सोमवारी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी. साहेब गुजराती, स्वभावाने गोड, सुपारी चघळत काम करायचे. त्यांनी अपघात विम्याचा तक्ता पुढे केला. हात गेला, इतकं. पाय गेला, इतकं. एक डोळा, दोन डोळे, अंगठा.

"आणि गुडघा?" मी विचारलं.

"पग कपाय तो आपीए, बेन."

"पाय कापला नाही, पण खेळताच येत नाही असं झालं तर?"

"चाले छे ने?"

"चालतो की."

"तो पछी नुकसान शानुं?"

अख्खं ऑफिस हसलं. शिपाईसुद्धा. चालतो ना, मग नुकसान कसलं? भाजीबाजारापर्यंत जाणारा गुडघा आणि कोपऱ्यापर्यंत चेंडू नेणारा गुडघा एकच नसतो, हे मला ठाऊक होतं. पण त्या तक्त्यात दोघांना एकच रकाना होता. तरी मी हट्टाने प्रपोजल टाइप केलं. विम्याची वस्तू, डावा गुडघा, एक नग. साहेबांनी ते नामंजूर केलं आणि टेबलाच्या काचेखाली ठेवून दिलं. नवीन कुणी ऑफिसात आलं की आधी ते दाखवायचे, मग चहा मागवायचे.

दुपारी मी सुट्टी टाकून घरी आले. गृहस्थ सासूबाईंच्या हातची सेव-उसळ खाऊन घाम पुसत बसले होते. मी विमा मिळत नाही असं सांगितलं. वर ऐटीत म्हटलं, "मग नोकरीचंच लिहून द्या."

ते ह्यांच्याकडे वळले. "तुम बोलो, बेटा."

ह्यांच्याऐवजी सासरे म्हणाले, "लेखी नाही, तर नाही." गृहस्थांनी हात जोडले, सासूबाईंना उसळीबद्दल शाबासकी दिली आणि साडेतीनला जिना उतरले. डबा परत नेला नाही. त्यांच्या मागोमाग हे "आलोच" म्हणून बाहेर गेले आणि साडेचारला परत आले.

"चहा ठेव," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पलंगाखाली पिशवी नव्हती.

पुढे हे त्याच कारखान्याकडून आठ वर्षं खेळले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. तो डावा गुडघा कधी दुखलाही नाही. आजही हे तीन मजले चढून येतात आणि वर पोचल्यावर शीळ घालतात. गेले ते माझे गुडघे. दोन्ही बदलले, माझ्या स्वतःच्या मेडिक्लेमवर. क्लेम एका फेरीत पास. आयुष्यभर ज्या गुडघ्याची काळजी केली तो ठणठणीत, आणि मी वॉकर घेऊन हिंडले.

डब्यातले रसगुल्ले तीन दिवसांत संपले. डबा मी तांदळाचं माप केला. रोज अर्धा डबा, पाहुणे असले तर पाऊण. घर बदललं, कुकर बदलले, माप तेच. ह्यांनी त्या डब्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. टीव्हीवर कोलकात्याची मॅच लागली की मात्र हे आवाज बंद करून बघायचे, आणि मी नेमकी तेव्हाच तांदूळ धुवायला उठायची.

नातीने हे सगळं ऐकलं आणि डोळे मोठे केले. "आजी! तू आजोबांची ट्रान्सफर अडवलीस?"

घरात इतक्या वर्षांत कुणी न बोललेलं वाक्य पोरीने सरळ टेबलावर ठेवलं. हे दारात येऊन उभे होते. मी मनाशी म्हटलं, आता काय ते होऊ दे.

"अडवली का हो मी?"

हे खुर्ची ओढून बसले. "राग आला होता," म्हणाले. "पाचसहा वर्षं तरी होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आणि वडील कलमं वाचत होतात. मी काय बोलणार?" मग म्हणाले, "पण मी पिशवी घेऊन स्टेशनवर गेलो होतो. आदल्या रात्रीच ती पलंगाखालून काढून जिन्यातल्या कोनाड्यात ठेवली होती, जाताना उचलली, तू आत होतीस. गाडी लागलेली होती. ते कोलकात्याचे बाबू डब्याच्या दारात उभे राहून मला बोलावत होते. मी बाकावर बसून राहिलो. गाडी गेली, मग उठलो."

"का?"

"तू विचारलंस ना, घुटना गया तो. तोच प्रश्न घेऊन बसलो होतो. मला तो आधी सुचला नव्हता."

"मी विम्यासाठी नव्हतं हो विचारलं," मी म्हटलं. "पिशवी सापडली होती मला. तुम्ही सांगितलं नव्हतंत, त्याचा राग होता."

"माहीत आहे. मी तिचे बंद भिंतीकडे ठेवले होते. तू दाराकडे करून ठेवलेस." हे नातीकडे वळले. "मॅच बरोबरीत सुटली म्हण. दोघांनीही गोल स्वतःवरच मारले."

नात हसली, मी नाक पुसलं. आणि मग अकराव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मला ते दिसलं. आधी दुखावलेला सांधा विम्यात धरला जाणार नाही. पोरीचा उजवा घोटा दोन वर्षांपूर्वी मुरगळून महिनाभर प्लास्टरमध्ये होता.

माझा हात आपोआप फोनकडे गेला. तेवीस वर्षांची ती मोगरेवाली अजून मेलेली नाही, बघा! क्लबच्या ऑफिसातल्या बाईंना काय काय विचारायचं, स्टॅम्पपेपरसकट, सगळं जिभेवर तयार होतं. हे माझ्याकडे बघत होते. मी फोन नातीच्या हातात दिला.

"घोटा तुझा आहे. तू विचार. आणि उत्तर काहीही येवो, जायचं की नाही ते तू ठरव."

तिने विचारलं. इंग्रजीत, हिंदीत, मधे 'प्लीज' घालून, माझ्याहून कितीतरी गोड. पलीकडच्या बाई म्हणाल्या, एक्स-रे पाठव, स्वच्छ असेल तर घोटा धरू. "ईमेलवर लिहून द्याल ना?" पोरीने विचारलं, आणि मला सासऱ्यांचा झोपाळा करकरल्यासारखा वाटला. एक्स-रे त्याच संध्याकाळी काढला. दुसऱ्या दिवशी अकराला लेखी आलं, बाराला तिने सही केली.

जायच्या दिवशी ह्यांनी स्वयंपाकघरातून तो डबा काढला, पुसला आणि तिच्या बॅगेत बुटांशेजारी खोचला.

"आजोबा, एवढा गंजका डबा?"

"तिकडे भात फार खातात," हे म्हणाले. "आणि त्याचं एकदा जायचं राहिलंय."

तेव्हापासून मी स्टीलच्या वाटीने तांदूळ घेते आणि रोज चुकते. कधी भात उरतो, कधी ह्यांच्या ताटात दोनच घास येतात. काल ताटाकडे बघून हे म्हणाले, "डब्याचा विमा काढायला हवा होतास."